मदत हवी आहे: बहिणीने ईएसई (यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा) करावी की कनिष्ठ अभियंता?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चोपडा तालुक्यातले, घरी केळी आहे. पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की तापीकाठी सावधानतेचा इशारा येतो, आणि ही वहीत दरवाजाची आकृती काढून पाण्याचा दाब कुठे किती ते मला समजावत बसते. तिला जलसंपदातच जायचं आहे, आणि मला ते मनापासून पटतं. आपल्या भागाला पाण्याचे चांगले इंजिनिअर हवेतच.

अडचण परीक्षेची आहे. यूपीएससीच्या ईएसईत पूर्व परीक्षा ५००, मुख्य ६०० आणि मुलाखत २००, असे एकूण १३०० गुण. मुख्यचे दोन्ही पेपर लेखी, म्हणजे गणितं पायऱ्यांसह सोडवायची सवय हवी. एसएससीच्या (केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या) कनिष्ठ अभियंता परीक्षेत मात्र बहुपर्यायी प्रश्न, वेग महत्त्वाचा. त्यातून केंद्रीय जल आयोगातही जाता येतं. शिवाय एमपीएससीची स्थापत्य सेवा आहेच, आणि तिचा ओढा तिकडे जास्त.

तिन्हींची तयारी एकत्र झेपते का? की आधी कनिष्ठ अभियंता होऊन मग नोकरी सांभाळून पुढचं करावं? साइटवर काम करून रात्री अभ्यास होतो का, हे ज्यांनी केलंय त्यांनीच सांगावं. पुण्याचा खर्च जड आहे. जळगावात अभ्यासिका लावून कोणी पास झालंय का?

जलसंपदात काम करणाऱ्या ताई इथे असतील तर कृपया नक्की लिहा. आईला फील्डवरच्या पोस्टिंगची काळजी वाटते, तिला तुमचंच उत्तर वाचून दाखवायचं आहे.