मदत हवी आहे: वाचनालयाच्या सभागृहासाठी वापरायला सोपा डिजिटल मिक्सर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. वरच्या मजल्यावर सभागृह, अडीचशेच्या आसपास खुर्च्या. हिवाळ्यात व्याख्यानमाला, दिवाळीत पहाट, अधूनमधून कीर्तन आणि शाळांची स्नेहसंमेलनं. साउंड आमचं स्वतःचं आहे: दोन टॉप (प्रेक्षकांसाठीचे मोठे स्पीकर), दोन मॉनिटर (कलाकारांना ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेले स्पीकर) आणि १२ चॅनेलचा, म्हणजे १२ माईक-वाद्यांच्या वाटांचा, म्हातारा ॲनालॉग मिक्सर. त्यातले काही चॅनेल खरखरतात, एकाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हलवला की कडकड ऐकू येते. देणगीदार भेटले आहेत. बजेट दीड लाखाच्या आसपास, फार तर थोडं वर.

अडचण अशी की मिक्सरवर बसणारा माणूस ठरलेला नाही. व्याख्यानाला बँकेतून निवृत्त झालेले एक काका बसतात, पहाटेला कॉलेजचा एखादा मुलगा, आणि दोघेही नसले की शिपाईमामा वीज सुरू करून निघून जातात. त्यामुळे ‘फीचर्स भरपूर’ असा सल्ला नको. सकाळी साडेपाचला झोपेतून उठून आलेल्या माणसाला निवेदिकेचा माईक बंद करायचं बटण सापडलं पाहिजे, एवढीच माझी ‘सोपा’ या शब्दामागची अपेक्षा.

सध्या होतं काय, तर गायिकेसाठी रिव्हर्ब (आवाजाला घुमारा) दिलेला असतो. गाणं संपतं, ती तोच माईक निवेदिकेच्या हातात देते आणि पुढची दोन मिनिटं निवेदन गुहेतून आल्यासारखं घुमत राहतं. काकांना कळतं काहीतरी चुकलंय, पण कोणता नॉब फिरवायचा ते आठवेपर्यंत पुढचं गाणं सुरू झालेलं असतं.

पहाटेला जास्तीत जास्त गर्दी अशी: दोन गायक, हार्मोनियम, तबल्याला दोन माईक, पखवाज, बासरी, टाळ, सिंथचे (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे) दोन, ऑक्टोपॅडचे (इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅडचे) दोन आणि निवेदन. म्हणजे १३. व्याख्यानाला पोडियम, पाहुण्यांचा कॉलर माईक आणि लॅपटॉप एवढंच. मॉनिटरचे मात्र वांधे आहेत. तबलजींना गायक हवा, गायकाला हार्मोनियम हवी, आणि जुन्या मिक्सरला मॉनिटरसाठी एकच ऑक्स (मॉनिटरला वेगळं मिश्रण पाठवायची वाट) असल्यामुळे सगळ्यांना एकच काला मिळतो.

नेटवर वाचून बेहरिंगर एक्सआर१८, साउंडक्राफ्ट यूआय२४आर, ॲलन अँड हीथ सीक्यू-१८टी आणि यामाहा डीएम३ ही नावं काढली आहेत. पहिल्या दोघांना फेडरच नाहीत, सगळं टॅबवर. काकांना ते झेपेल का? भरल्या सभागृहात वायफाय टिकतं का? आणि मध्येच वीज गेली तर? वापरलेल्यांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद: जुना साउंडवाला

काकांपासून सुरुवात केलीत हे बरं केलंत. बहुतेक लोक चॅनेल मोजत येतात आणि माणूस विसरतात.

तुमच्या १३ माईकना चौघांपैकी कोणताही पुरतो. एक्सआर१८ ला १६ माईक इनपुट आणि ६ ऑक्स आहेत, यूआय२४आर ला २० माईक इनपुट आणि ८ ऑक्स. मॉनिटरचं दुखणं इथेच मिटलं. फक्त त्यासाठी मॉनिटरही वाढवावे लागतील, ते बजेटमध्ये धरा. कॉलर माईकचा रिसीव्हर आणि लॅपटॉप कुठे लागणार तेही आत्ताच कागदावर मांडा, म्हणजे आयत्या वेळी जॅक शोधत फिरावं लागणार नाही.

वायफायबद्दल. हे मिक्सर स्टेजच्या कडेला ठेवता येतात आणि माईकच्या वायरी तिथेच लागतात, त्यामुळे मागेपर्यंत जाड स्नेक केबल (अनेक माईकच्या वायरींचा एकत्र जुडगा) ओढावी लागत नाही. पण मिक्सरमधल्या वायफायवर भरवसा ठेवू नका. रिकाम्या हॉलमध्ये छान चालतं. अडीचशे माणसं अडीचशे फोन घेऊन बसली की २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायची वाट लागते. ५ गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर घ्या, स्टेजच्या कडेला उंचावर ठेवा आणि त्याचा पासवर्ड कुणालाही देऊ नका, अध्यक्षांनासुद्धा. शिवाय एक लांब लॅन केबल मागच्या टेबलापर्यंत कायमची टाकून ठेवा. टॅब रुसला तर लॅपटॉप लावायचा. कनेक्शन तुटलं तरी आवाज चालूच राहतो, फक्त तेवढा वेळ तुमच्या हातात काही नसतं. नेमका त्याच वेळी माईक शिट्टी मारायला लागला की मग घाम फुटतो.

वीज गेली तर डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. मिक्सर आणि राउटर यांना घरच्या कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस लावा. त्यावर ॲम्प्लिफायर लावायचा मोह मात्र टाळा.

प्रतिसाद: पखवाजी

आम्ही भजनी मंडळात यूआय मालिकेतला मिक्सर वापरतो. त्याचं सुख म्हणजे ॲप लागत नाही, ब्राउझरमध्ये उघडतो. कुणाचाही फोन चालतो. दुःखही तेच, कुणाचाही फोन चालतो! कीर्तन रंगात आलं असताना टाळकऱ्याने ‘मला थोडं वाढवतो’ म्हणून सगळं वर नेलं होतं.

सीक्यू-१८टी मी फक्त हाताळला आहे. ७ इंची टचस्क्रीन मिक्सरवरच आहे, त्यामुळे टॅब नसला तरी अडत नाही. गेन (माईकचा सिग्नल मिक्सरमध्ये किती वाढवून घ्यायचा ते) लावून द्यायला आणि शिट्टी पकडायला त्यात मदतनीस आहेत, नवख्याला ते उपयोगी. पण बाहेरच्या देशातल्या तयार सेटिंग्ज गिटार-ड्रमवाल्यांच्या डोक्याने केलेल्या असतात. तबला-पखवाजाचं आपलं आपण एकदा नीट जमवून सेव्ह करायचं. बायाचा (तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्याचा) माईक पुडीच्या, म्हणजे कातड्याच्या, अगदी जवळ गेला तर कोणताही मिक्सर त्याची गुरगुर लपवणार नाही.

धागाकर्ता

दोघांचे आभार. काकांना कालच भाच्याच्या टॅबवर एका ॲपचा डेमो मोड दाखवला. बोट ठेवलं एका फेडरवर, सरकला शेजारचा. ते म्हणाले, “मला हाताला काहीतरी लागलं पाहिजे.” म्हणजे फेडरवाला बघायचा का?

प्रतिसाद: जुना साउंडवाला

मग डीएम३ बघाच. १६ माईक इनपुट, ९ इंची स्क्रीन आणि ९ फेडर. बजेट ताणावं लागेल. एक गोष्ट आधी समजून घ्या: फेडर ९ आणि चॅनेल १६, म्हणजे पानं उलटावी लागतात. बटण दाबलं की फेडर आपोआप दुसऱ्या पानाच्या जागी सरकतात. तबल्याचा समजून बासरीचा फेडर ओढण्याचे प्रसंग इथेच येतात. उपाय सोपा आहे. गायक, निवेदन आणि पोडियम कायम पहिल्या पानावर, त्याच जागी. वाद्यं दुसऱ्या पानावर, ती एकदा बसवली की फारशी हलत नाहीत.

१६ चॅनेल एका नजरेत हवे असतील तर यामाहा टीएफ१ किंवा ॲलन अँड हीथचा जुना क्यू-१६. दोघांनाही १७ फेडर आहेत. क्यू-१६ हा २०१३ चा मिक्सर, सेकंडहँड मिळाला तर प्रत्येक मोटर फेडर वरखाली चालवून बघा. धूळ खाल्लेला फेडर मध्येच थबकतो.

कोणताही घेतलात तरी पहिल्याच आठवड्यात दोन सीन (सगळ्या सेटिंग्जचे सेव्ह केलेले संच) करून ठेवा: ‘व्याख्यान’ आणि ‘गाणं’. गेन सीनबरोबर बदलणार नाही अशी सोय असते, ती लावा. नाहीतर कार्यक्रमाच्या मध्येच काकांनी सीन बदलला की माईक अचानक किंचाळेल. गेन लावताना गायकाला खऱ्या ताकदीने गायला सांगा आणि मीटर उणे १८ डीबीच्या आसपास ठेवा. लाल दिवा पेटता कामा नये.

आणि तुमच्या गुहेवर औषध: निवेदनाचा माईक वेगळाच ठेवा. त्या चॅनेलचा रिव्हर्ब शून्य. गायिकेचा माईक निवेदिकेच्या हातात जाऊच देऊ नका, हे काम मिक्सरचं नाही, तुमच्या स्टेज मॅनेजरचं आहे.

धागाकर्ता

हे शेवटचं वाक्य छापून विंगेत चिकटवतो.

पुण्याला डेमो बघायला काकांना घेऊन जाणार आहे. विक्रेत्याला म्हणणार, तुम्ही बाजूला उभे राहा. काकांनी निवेदनाचा माईक म्यूट करायचा आणि तबलजींच्या मॉनिटरमध्ये गायक वाढवायचा, कुणाला न विचारता. आधी डीएम३ वर, मग सीक्यू-१८टी वर. जमेल तो घेऊ. दरम्यान लॅपटॉप आणि सिंथसाठी डीआय बॉक्स (त्यांचा सिग्नल माईकच्या इनपुटला जोडायची डबी) लागतील असं दिसतंय. पॅसिव्ह (वीज न लागणारे) चालतील की ॲक्टिव्हच (वीज लागणारे) घ्यावेत?