विषय: रविवारची ट्रिप, रामोत्स्वा आधी की कोलोबेंग?

शुभाताई (सेक्रेटरी):
मंडळी, कॉम्बीवाल्याला (मिनीबसवाल्याला) आज संध्याकाळपर्यंत फायनल सांगायचंय, ॲडव्हान्सशिवाय तो गाडी धरून ठेवणार नाही. मीटिंगला ठरलं होतं की इथल्या, म्हणजे बोत्स्वानातल्या, मिशनच्या जागा बघायच्या: सकाळी रामोत्स्वाचं लुथरन चर्च आणि मिशन हॉस्पिटल, दुपारी कोलोबेंग, लिव्हिंगस्टनचं जुनं मिशन. आता नकाशा काढून बसले तर एक दक्षिणेला लोबात्सेच्या अंगाला आणि दुसरं पश्चिमेला थामागाच्या रस्त्यावर, म्हणजे मधे परत गॅब्समधूनच (गॅबोरोनमधूनच) यायचं! मोरुती (तिथले पाद्री) म्हणाले या खुशाल, पण सर्व्हिस कधी संपेल ते विचारू नका. हॉस्पिटलला द्यायची स्वेटरं नि बाळांची ब्लँकेटं माझ्याकडे आहेत, आणखी पाठवू नका, गॅरेजात गाडी लावायला जागा राहिलेली नाही.

नंदू:
कोलोबेंग आधी करा, ऊन चढायच्या आत. आणि ज्यांनी बघितलेलं नाही त्यांना सांगून ठेवा, तिथे लिव्हिंगस्टनचं (आफ्रिका धुंडाळणारा तो स्कॉटिश मिशनरी) घर वगैरे उभं नाहीये, पायाच्या खुणा नि दगड, आणि थोड्या कबरी, त्यातली एक त्याच्या दीड महिन्याच्या मुलीची, १८५० ची. मागे पाहुण्यांना नेलं तर ते गाडीतूनच म्हणाले, "एवढंच?" टोप्या आणा.

अण्णा:
शुभा, रूट राहू दे बाजूला, वारच चुकलाय. आपण जातोय मिशनचं काम बघायला ना? रविवारी मिशन हॉस्पिटल बघणं म्हणजे दसऱ्याला कारखाना बघायला गेल्यासारखं, यंत्रं सगळी झेंडूच्या माळा घालून गप्प. मी हिच्या हाताच्या प्लास्टरसाठी एका मिशन हॉस्पिटलात वारंवार गेलोय म्हणून सांगतो, मधल्या वारी सकाळी जा. ओपीडीच्या बाकांवर बायका पाठीला पोरं बांधून बसलेल्या असतात, एक सिस्टर उभ्या उभ्याच सेत्स्वाना भाषेत गाणं उचलते, पेशंटच त्यात सूर मिसळतात, छोटी प्रार्थना होते, आणि तीच सिस्टर लगेच कार्डं गोळा करत ब्लड प्रेशरच्या लायनीवर ओरडायला लागते. रामोत्स्वाचं हॉस्पिटल हर्मन्सबर्ग मिशनच्या जर्मनांनी १९३४ ला काढलं ते काय रविवारपुरतं नव्हे.

मीनल:
अण्णा, मधल्या वारी मुलांच्या शाळा नि आमची ऑफिसं, रिटायर माणसांचं ठीक आहे :) आणि बाकांवरच्या पेशंटांना बघायला वीस माणसं कॅमेरे घेऊन उभी राहणार हे मला तरी बरं वाटत नाही. दुसरं म्हणजे, आता कुठले मिशनरी? पगार बराचसा सरकारकडून, डॉक्टर कुठल्या कुठल्या देशांचे, नर्सेस इथल्याच. पोरांना वाटतंय बूट-हॅटवाला दाढीवाला गोरा भेटणार, त्यांना आधीच सांगा.

नंदू:
दाढी नव्हती, मिशी होती.

मीनल:
नंदूदा, बरं, मिशी. पण लिव्हिंगस्टन इथे होता तेव्हाही रोजचं काम कोण ओढत होतं? त्याची बायको मेरी, कुरुमानच्या मिशनरी मॉफॅटची मुलगी, तिची बालशाळा, साबण नि मेणबत्त्यासुद्धा घरीच. आणि त्याच्या हाताखाली नावाजण्यासारखा बाप्तिस्मा एकच, बाक्वेना जमातीचा राजा सेचेले, १८४८ साली. बाप्तिस्म्यासाठी चार बायकांना माहेरी पाठवलं, माहेरचे सगळे संतापले, पुढल्याच वर्षी त्यातली एक गरोदर निघाली, लिव्हिंगस्टननं सेचेलेचं कम्युनियन (चर्चमधला प्रसाद) बंद केलं. त्यात पाऊस नाही, लोक म्हणायचे या पाद्र्यामुळेच, कारण सेचेले स्वतः पाऊस पाडणारा होता आणि यानं ते सोडायला लावलं. १८५२ ला बोअर लोकांनी (डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी) हल्ला केला, मिशनचं घरही फोडलं. गोरा पुढे निघून गेला, पण सेचेले आपल्या लोकांना वाचायला शिकवतच राहिला, प्रार्थनाही स्वतः चालवायचा. माझ्या मते मिशनरी बघायचा तर तो.

दादा (नाशिक):
लिव्हिंगस्टनचा विषय निघालाच आहे तर आमच्या शरणपूरचं नाव कोणी कसं घेत नाही? शरणपूर रोडनं निम्मं नाशिक रोज जातं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या मिशनमध्ये शिकायची, त्यातला जेकब वेनराइट. १८७३ ला लिव्हिंगस्टन आताच्या झांबियात वारला तेव्हा दफनाची प्रार्थना यानं वाचली, झाडावर नाव-तारीख यानं कोरली, नि शव घेऊन थेट लंडनला, वेस्टमिन्स्टर ॲबेत खांदा द्यायला. आणि लिव्हिंगस्टनचा दुसरा सोबती चुमा तर मुंबईला जॉन विल्सनच्या शाळेत होता. पोरांना हे सांगा, नुसते दगड काय दाखवता. मी कॉम्बीत बोलेन, माइक असला तर बरं.

ट्रेझरर:
माइक नको. माझा प्रश्न वेगळा आहे, कॉम्बीचं भाडं कुठल्या खात्यातून? ब्लँकेटं रॅफलच्या पैशातली, ठीक, पण गणेशोत्सवाच्या शिलकीतून चर्चला जायचं भाडं काढलं तर एजीएमला मलाच उभं राहावं लागतं. माणशी पुला (इथलं चलन) काढा. मागच्या हार्टबीस्पोर्टच्या पिकनिकचेही काहींचे यायचे आहेत, नावं घेत नाही.

माई:
ट्रेझररसाहेब, गणपतीच्या आरतीला तबला वाजवतो तो आपला तरुण लुथरनच आहे, त्याला कधी कुठल्या खात्यातून म्हणून विचारलं होतं का? बायकांनो, सर्व्हिसला जायचं तर जीन्स नको, साडी किंवा लांब स्कर्ट, आणि दार ओलांडताना प्रत्येकाला दुमेला म्मा, दुमेला रा म्हणायचं, घाईत हाय-हॅलो नाही. दशमी नि शेंगदाण्याची चटणी मी आणते.

शुभाताई:
झालं, आता ऐका. मोरुतींना परत फोन केला, तेही म्हणाले ब्लँकेटं रविवारी आणू नका, मेट्रन नसते नि नोंद करून घ्यायला कुणी नाही. तर शुक्रवारी सकाळी अण्णा, माई आणि मी, तिघंच, माझ्या गाडीनं रामोत्स्वा, कॅमेरा नाही. रविवारी सगळे कोलोबेंग, पुढे थामागा नि तिकडूनच मोलेपोलोले, सेचेलेनं शेवटी गाव वसवलं ते, एकाच दिशेला पडतं. सर्व्हिस तिथल्या चर्चमध्ये मिळेल तेवढी, पोरं कंटाळली की उठायचं. माणशी पुला गाडीत बसायच्या आधी, हार्टबीस्पोर्टवाल्यांनी डबल. नंदू, ॲडव्हान्स तू भरून ये, पावती घे, कॉम्बीवाल्याला सांग सात म्हणजे सात.