शिशाचा अणू सोन्यापेक्षा जड, मग घनता कमी कशी?

शंका_आहे:
पोरीला घनता समजावत होतो आणि मीच अडकलो. वस्तुमान भागिले आकारमान, तुकडा कापला तर दोन्ही निम्मं होतं म्हणून घनता तीच, इथपर्यंत जमलं. पण तिने विचारलं की शिशाचा अणुभार 207 आणि सोन्याचा 197, मग सोन्याची घनता 19.3 आणि शिशाची 11.3 च कशी, उलटं पाहिजे ना? नीट सांगेल का कोणी?

धातुवेडा:
पोरीने भारी विचारलंय हो! अणू किती जड एवढंच बघून चालत नाही, ते किती दाटीवाटीने बसलेत तेही बघायचं. आधी सोनं आणि अॅल्युमिनियम घ्या, अणूंची मांडणी सारखीच आणि शेजारच्या दोन अणूंतलं अंतरही जवळपास तेवढंच, 288 आणि 286 पिकोमीटर. सोन्याचा अणू 7.3 पट जड, म्हणून घनता 2.7 ची थेट 19.3. आता शिसं, मांडणी तीच पण अंतर 350. म्हणजे 1.2 पट, किरकोळ वाटतं, पण जागा तिन्ही बाजूंनी वाढते ना, 1.2 चा घन करा, 1.8 च्या आसपास येतो (नेमके आकडे घेऊन). 19.3 ला 1.8 ने भागा, अणू जरा जड म्हणून 5 टक्के वाढवा, बरोब्बर 11.3!

चौकस७:
+१. हिरा आणि ग्राफाइट पण दाखवा तिला, दोन्हीत कार्बनच, पण हिरा 3.5 आणि ग्राफाइट 2.2 च्या आसपास, फरक फक्त मांडणीचा. आणि घट्ट किंवा कडक म्हणजे घनता जास्त असं मुलं धरून चालतात ते आत्ताच मोडून काढा, तेल ओतताना पाण्यापेक्षा दाट वाटतं तरी पाण्यावर तरंगतं.

प्रयोगवाली:
नुसती गणितं नको, मोजायला लावा. मोजपात्रात पाणी घ्या, वजन केलेला लोखंडी नट दोऱ्याने सोडा, पाणी किती चढलं ते आकारमान. नटाच्या आट्यांत हवेचे बुडबुडे अडकतात ते हलवून काढा, नाहीतर आकारमान जास्त येतं आणि घनता कमी.

शंका_आहे:
केलं! नट 39 ग्रॅम, पाणी 20 वरून 25 मिलीवर, म्हणजे 7.8. तिने लगेच दोन नट टाकले, 78 ला 10, परत 7.8, तेव्हा कुठे तिला पटलं. पितळी किल्ल्यांचा जुडगा मात्र 8 च्या वर जातोय, तो तांब्यामुळे ना?

धातुवेडा:
हो, तांबं 8.96, जस्त 7.14, पितळ मधेच कुठेतरी बसणार. कडी लोखंडाची असेल तर काढून मोजा.