निवडून आलेत ना, मग झालं?
'लोकांनीच निवडून दिलंय, मग हुकूमशाही कसली?' या प्रश्नावरून हंगेरी आठवलं. २०१० मध्ये व्हिक्टर ओर्बान तिथे रीतसर निवडून येऊन पंतप्रधान झाले, साधारण ५३ टक्के मतांवर. जागा मात्र दोन तृतीयांश, म्हणजे घटना बदलायला पुरेशा. मग न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून थेट ६२! दोनशेहून जास्त न्यायाधीशांवर घरी बसायची वेळ. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये ते बेकायदा ठरवलं खरं, पण तोवर मोक्याच्या खुर्च्या भरलेल्या. वरातीमागून घोडं. (असल्या रुक्ष दुरुस्त्या वाचतो कोण? मला भाषणांपेक्षा त्यांचीच धास्ती वाटते.) २०१४ मध्ये मतं ४५ टक्क्यांवर घसरली, तरी जागा पुन्हा दोन तृतीयांशच, मधल्या काळात मतदारसंघ ओर्बान सरकारनेच नव्याने आखले होते.