परसबागेतला ओलाव्याचा सेन्सर वायफाय लावलं की बिघडतो, काय करू?

परसबाग_गुरुजी: नमस्कार मंडळी, मी झेडपीच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवतो. परसबागेत मेथी आणि वांगी आहेत, पाणी कधी द्यायचं ते पोरांनी आकडा बघून ठरवावं म्हणून ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डाला मातीतला ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर जोडला, पिन नंबर ४. घरी नुसत्या केबलवर मस्त चाललं, शाळेत वायफाय चालू केलं की आकडा ४०९५ वरच अडकतो, बादलीभर पाणी ओतलं तरी हलत नाही. पोरं दोन दिवस वाट बघतायत. शिवाय रेंज कधी असते कधी नसते. आणि ऑनलाइन पाठवायचं तर प्रत्येक पोराच्या नावाने लॉगिन काढू का?

सोल्डरवाला: सर सेन्सर चांगला आहे, पिन चुकलीये. ४ नंबर एडीसी२ मध्ये येते (एडीसी म्हणजे बोर्डातला सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, असे दोन असतात) आणि वायफाय चालू असताना ईएसपी३२ ला एडीसी२ धड वाचता येत नाही. वायर ३४ वर घ्या, कोडमध्येही ३४ करा, बाकी कशाला हात लावू नका. सेन्सरला ३.३ व्होल्टच द्या आणि वरचा सर्किटचा भाग मातीत जाऊ देऊ नका, पाणी शिरलं की संपलं.

नेट_नसलेला_गाव: रेंजची वाट कशाला बघता, बोर्डालाच स्वतःचं वायफाय सोडायला लावा (ॲक्सेस पॉइंट मोड). मोबाइल त्याला जोडायचा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ टाकायचं, पान उघडतं, इंटरनेट लागतच नाही. फक्त तेवढा वेळ मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर फोन इंटरनेट नाही म्हणून परत डेटावर पळतो आणि पान उघडत नाही.

विज्ञानताई: लॉगिन नका काढू सर. २०२३ च्या डेटा कायद्याप्रमाणे १८ च्या आतलं प्रत्येक जण मूल धरलंय, त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. वाफ्याला नंबर द्या, वाफा १, वाफा २, नाव कशाला पाहिजे? आणि आकडा दाखवायच्या आधी पोरांना मातीची मूठ वळायला लावा. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला की वाफसा, हे शेतकऱ्याच्या पोराला घरूनच माहीत असतं. मूठ बघून अंदाज आधी वहीत लिहायचा, मग सेन्सर, नाहीतर पोरं नुसती स्क्रीनकडे बघत बसतात, मातीला हातच लागत नाही.

परसबाग_गुरुजी: ३४ वर घेतलं आणि चाललं, सोल्डरवाले दादा खूप आभार!! कोरड्यात २८०० च्या आसपास, पाणी दिल्यावर १३०० पर्यंत उतरतो. ओलं झाल्यावर आकडा कमी का होतो, हा पहिला प्रश्न एका मुलीनेच विचारला, सगळा तास त्यावरच गेला. ताई, मूठ वळून बघितली, वाफशाला आमच्या मातीत १९०० येतोय, पोरांनी तो खडूने पंपाच्या भिंतीवर लिहिलाय. उद्या वांग्याच्या वाफ्यात बघणार, तिथली माती जरा मुरमाड आहे.