मदत हवी आहे: काजू फोडणारी माकडं आणि काजूचा चीक

नमस्कार मंडळी. ब्राझीलच्या सेरा दा कापिवारा राष्ट्रीय उद्यानातली कॅपुचिन माकडं दगडाने काजूच्या बिया फोडून खातात. खाली दगड किंवा झाडाचं मूळ, त्यावर बी, वरून दुसऱ्या दगडाचे घाव. तिथल्या उत्खननात माकडांची अशी दगडी हत्यारं सुमारे ३००० वर्षं जुनी निघाली, हे वाचल्यापासून मी थक्क आहे. काजूही मूळचा ब्राझीलचाच, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला.

माझं अडलंय चिकापाशी. आमच्या वेंगुर्ल्याकडे ओले काजूगर काढताना हाताला तेल नाहीतर राख लावतात, तरी कातडी सोलवटतेच. मग तीन-चार किलो वजनाच्या त्या माकडांची बोटं, ओठ कसे वाचतात? फोडण्याआधी ती बी कशावर घासतात का? कुणी प्राणिशास्त्र शिकवत असेल तर कृपया सांगा, शाळेतल्या मुलांना हे नीट समजावायचं आहे.

आणखी एक. थायलंडच्या किनाऱ्यावर लांब शेपटीची माकडं दगडाने कालवं फोडतात, आणि ती आपल्या लाल तोंडाच्या माकडांची जवळची भावकी. आपल्याकडे बागेत, किनाऱ्यावर माकडाने दगड वापरलेला कुणी स्वतः पाहिलाय का? ऐकीव नको. व्हिडिओ असेल तर फारच उत्तम.