ग्रॉस आणि रेंटल वेगळे धरा

‘व्हरायटी’ या अमेरिकी करमणूक-व्यवसायाच्या पत्रातल्या साप्ताहिक आकड्यांची बेरीज करून अमेरिकेतले १९४३-४४चे हिट चित्रपट ठरवायचे, असं काही जण सुचवतात. त्यात घोळ होतो. ते आकडे मोठ्या शहरांतल्या फर्स्ट-रन (नवा चित्रपट आधी लागणाऱ्या) थिएटरांच्या गल्ल्याचे, म्हणजे ग्रॉसचे. स्टुडिओच्या हाती पडायचं ते रेंटल, म्हणजे त्यातला फक्त वाटा. शिवाय डबल फीचरमधला (एका तिकिटात दोन चित्रपट) दुसरा चित्रपट, म्हणजे कमी खर्चाचा बी-पिक्चर, बहुधा ठरावीक भाड्यावर जायचा, त्यामुळे गर्दी कितीही झाली तरी त्याची कमाई तेवढीच. गल्ला बघून बी-पिक्चरबद्दल काही बोलूच नये.

दुसरी मेख कराची. १ एप्रिल १९४४पासून करमणूक कर दर १० सेंटांमागे १ सेंटऐवजी दर ५ सेंटांमागे १ सेंट झाला. मूळ ५० सेंटांचं तिकीट ५५वरून ६०ला गेलं. थिएटरमालकाला मिळाले ५०च. तेव्हा आकडा करासहित आहे का, ते आधी बघा.

युद्धकाळात सगळ्यांचाच धंदा तेजीत होता. म्हणून चित्रपटाच्या गल्ल्याची त्याच थिएटरच्या त्याच हंगामातल्या सरासरीशी टक्केवारी काढा, आणि किती आठवडे मुक्काम पडला तेही धरा. एमजीएम स्टुडिओपुरतं मात्र तिथला अधिकारी एडी मॅनिक्सचं लेजर (हिशेबवही) सरळ उघडावं: खर्च, देशी-परदेशी रेंटल, नफा, सगळं चित्रपटवार आहे.